शोकात्म संगीत नाटक आणि गायकनट : खानदेशाच्या संदर्भात

नायकाच्या किंवा नायिकेच्या विनाशात पर्यवसान पावणारी कथावस्तू गायनाच्या आधारे रंगभूमीवर साकार करण्याची परंपरा इटलीत संगीतिकेच्या (ऑपेराच्या), तर महाराष्ट्रात संगीत नाटकाच्या रूपाने विकसित झाली. या दोन्ही नाट्यप्रकारांत गायकनटाचे स्थान मध्यवर्ती होते. तथापि शोकाचा भार कोणाच्या गळ्यावर टाकायचा, याबाबत त्यांनी भिन्न मार्ग स्वीकारले. एकोणिसाव्या शतकातील इटालियन संगीतिकेत शोकनायकाची भूमिका बहुधा बॅरिटोन या मध्यम पल्ल्याच्या पुरुषी आवाजाकडे आली. मराठी संगीत रंगभूमीवर मात्र पुरुषाचा अधःपात प्रामुख्याने गद्यातून आणि स्त्रीचा शोक पदांतून व्यक्त होऊ लागला. हा स्त्रीशोक गाणारा नटही पुरुषच असे. ‘एकच प्याला’ (१९१९) या नाटकाच्या प्रयोगात या विभागणीचे सर्वांत स्पष्ट दर्शन घडते. त्यात सिंधूची भूमिका करणारे बालगंधर्व यांच्या गायनाचा पाया बालपणी जळगाव येथे घातला गेला. त्यांचे समकालीन गायकनट मास्टर दीनानाथ मंगेशकर यांचे सासर धुळे जिल्ह्यातील थाळनेर येथील. या दोघांच्या भूमिकांच्या आधारे मराठी शोकात्म संगीत नाटकाचे सामर्थ्य व मर्यादा यांचा विचार करता येतो.

इटालियन संगीतिका व बॅरिटोन : संगीतिकेचा उगम सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्स येथे झाला. क्लाउद्यो मोंतेव्हेर्दी याची ‘ऑर्फेओ’ (१६०७) ही या प्रकारातील आजही प्रयोगात असलेली प्रारंभीची कृती होय. संगीतिकेत पात्रांची योजना आवाजाच्या पल्ल्यानुसार होते. पुरुषांच्या आवाजांत उंच पल्ल्याचा टेनर, खर्जाचा बास आणि या दोहोंमधील बॅरिटोन असे मुख्य भेद मानले जातात. टेनर हा बहुधा तरुण प्रियकर असे. पिता, राजा, सूडाने पेटलेला प्रतिस्पर्धी अशा प्रौढ भूमिका बॅरिटोनकडे जात. जुझेप्पे व्हेर्दी (१८१३–१९०१) या संगीतकाराने या आवाजाला प्रथम श्रेणीचे नाट्यमूल्य प्राप्त करून दिले. त्याच्या ‘नाबुक्को’ (१८४२) मधील राजाची भूमिका जोर्जो रोंकोनी याने, तर ‘मॅकबेथ’ (१८४७) मधील नायकाची भूमिका फेलीचे व्हारेसी याने प्रथम केली. ‘मॅकबेथ’च्या तयारीच्या काळात व्हेर्दीने व्हारेसीला लिहिलेल्या पत्रात शब्द आणि प्रसंग यांच्याकडे सतत लक्ष ठेवण्यास बजावले होते. संगीतकारापेक्षा कवीची सेवा गायकाने अधिक करावी, असा त्याचा आग्रह होता. चाल आणि शब्द यांपैकी कोणाला अग्रमान द्यावयाचा, हा प्रश्न पुढे मराठी संगीत नाटकालाही पडला. म्हणून हा आग्रह लक्षणीय ठरतो.

व्हारेसीची सर्वांत गाजलेली भूमिका म्हणजे ‘रिगोलेत्तो’चा नायक. व्हिक्टर ह्यूगो याच्या फ्रेंच नाटकावरून फ्रांचेस्को मारिया प्यावे याने हिची संहिता रचली आणि व्हेनिस येथील ला फेनीचे नाट्यगृहात ११ मार्च १८५१ रोजी तिचा पहिला प्रयोग झाला. मूळ नाटकात फ्रान्सच्या राजाचे चित्रण असल्यामुळे ऑस्ट्रियन अंमलाखालील अभ्यवेक्षकांनी हरकत घेतली व राजाच्या जागी मांतुआचा ड्यूक योजावा लागला. रिगोलेत्तो हा या ड्यूकच्या दरबारातील कुबडा विदूषक. मुलीच्या बेअब्रूने संतापलेल्या एका वृद्ध सरदाराची तो थट्टा करतो आणि त्या सरदाराचा शाप ओढवून घेतो. त्याची स्वतःची मुलगी जिल्दा हिला दरबारी लोक पळवून नेतात. दुसऱ्या दिवशी तो बेपर्वाईचे सोंग करून, ओठांत निरर्थक सूर घोळवत दरबारात येतो आणि नजरेने मुलीचा शोध घेत राहतो. मग सोंग गळून पडते. संताप उसळतो आणि त्याच संतापाची अखेर दीनवाण्या याचनेत होते. अखेरच्या प्रवेशात ड्यूकचे प्रेत समजून त्याने ताब्यात घेतलेल्या पोत्यात त्याला स्वतःची मरणोन्मुख मुलगी आढळते. तत्पूर्वी दुरून ऐकू येणाऱ्या ड्यूकच्या आनंदी गाण्यावरून आपण फसलो हे त्याला कळते. हास्य, क्रोध, लाचारी व शोक ही सर्व स्थित्यंतरे एकाच पुरुषी गळ्यातून व्यक्त व्हावी लागत असल्याने ही भूमिका बॅरिटोन गायकाच्या अभिनयाची कसोटी मानली जाते.

ऑपेराचा मुंबईतील परिचय : एकोणिसाव्या शतकात इटालियन संगीतिका मंडळ्या मुंबईस येत असत. अशाच एका मंडळीच्या सहवासातून स्फूर्ती घेऊन लुकाझिन रिबेरो या गोमंतकीयाने ‘इटालियन भुरगो’ हे कोंकणी नाटक १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत सादर केले. कोंकणी तियात्राचा प्रारंभ या प्रयोगापासून मानला जातो. पुढे १९११ मध्ये मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसचे उद्‌घाटन पाचवे जॉर्ज यांच्या हस्ते झाले. मराठी संगीत नाटकाची जडणघडण मात्र वेगळ्या साहित्यातून झाली. कीर्तन, आख्यानपर कविता, लावणी, कर्नाटकातील नाट्यपरंपरा आणि संस्कृत नाटके यांचा वारसा घेऊन बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) यांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुणे येथे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. संगीतिकेत संवादही बहुधा गायनातच असतात आणि संहिता तयार झाल्यावर संगीतकार तिला स्वर देतो. मराठी संगीत नाटकात गद्य संवादांच्या मधून पदे येतात व ही पदे बहुतेक वेळा आधी निवडलेल्या चालींवर बेतून रचली जात. कीर्तनातील साकी-दिंडीपासून ख्याल, ठुमरी, कव्वालीपर्यंतच्या चाली या रीतीने नाटकात आल्या. परिणामी पद हे नाट्यप्रसंगाचा भाग असले, तरी स्वतंत्र मैफलीचा तुकडा होण्याची शक्यताही त्यात मूळचीच होती.

संगीत नाटकातील पुरुषपात्रे गात नसत, असे मात्र नाही. दुष्यंत, अर्जुन, धैर्यधर हे नायक गाणारेच होते. तथापि ही नाटके सुखान्त होती. शोकात्मिकेचा परिचय मराठी प्रेक्षकांना शेक्सपिअरच्या रूपांतरांतून झाला आणि ती मुख्यतः गद्य नाटक मंडळ्यांनी केली. गोपाळ गणेश आगरकर यांच्या ‘विकारविलसित’ (१८८३) या ‘हॅम्लेट’च्या रूपांतरातील व गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘झुंझारराव’ (१८९०) या ‘ऑथेल्लो’च्या रूपांतरातील नायकांच्या भूमिका शाहूनगरवासी मंडळीचे गणपतराव जोशी यांनी गाजविल्या. याच ‘ऑथेल्लो’वरील व्हेर्दीची संगीतिका १८८७ मध्ये मिलान येथे झाली होती व तीतील खलपुरुष यागो बॅरिटोन व्हिक्टर मोरेल याने गाइला होता. एकच शोककथा अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने मिलानमध्ये स्वरांतून आणि महाराष्ट्रात गद्य वाणीतून अवतरली. पुरुषाचा विनाश गद्यात दाखविण्याची सवय मराठी नटांना व प्रेक्षकांना ‘एकच प्याला’पूर्वीच जडली होती, ती अशी.

खानदेशाची पार्श्वभूमी : तापीच्या खोऱ्यातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. जळगाव हे पूर्वेचे व धुळे हे पश्चिमेचे प्रमुख ठिकाण होते. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर या जिल्ह्यांना त्या शहरांची नावे मिळाली व १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. कापसाचे पीक, सरकी काढण्याचे कारखाने, जळगाव व अमळनेर येथील कापडगिरण्या आणि भुसावळसारखे रेल्वेचे मोठे केंद्र यांमुळे येथे व्यापारी, वकील, कारकून व गिरणी-रेल्वे कामगार असा नगरवासी वर्ग तयार झाला. मुंबईहून चाळीसगाव-जळगावमार्गे भुसावळला जाणारा लोहमार्ग आणि सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारा लोहमार्ग यांनी हा प्रदेश मुंबई-पुण्याइतकाच गुजरात-बडोद्याशीही जोडला गेला. नेपथ्य, पेट्या व मोठा परिवार घेऊन फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांना अशी लोहमार्गावरील संपन्न गावे सोयीची असत.

येथील लोकजीवनात गाण्याला पूर्वापार स्थान आहे. अहिराणीतील कानबाईची गाणी, तमाशा आणि जात्यावरच्या ओव्या यांची परंपरा समृद्ध आहे. जळगावजवळील आसोदे येथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची कविता घरकाम व शेतकाम करताना स्फुरली. त्यांचे पुत्र सोपानदेव व आचार्य अत्रे यांच्या प्रयत्नाने ती १९५२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. कष्ट आणि शोक स्त्रीने गाऊन हलके करावेत, हा संकेत खानदेशाप्रमाणेच सर्व महाराष्ट्रात रूढ होता. सिंधूच्या गायनाचे मूळ रंगभूमीच्या संकेतांइतकेच या घरगुती संकेतातही शोधावे लागते. नाट्यवाङ्‌मयाशी खानदेशाचा संबंध पुढील काळातही टिकून राहिला. धुळे येथे १९४४ मध्ये भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नाटककार भार्गवराम विठ्ठल तथा मामा वरेरकर यांच्याकडे होते.

बालगंधर्व : नारायण श्रीपाद राजहंस (२६ जून १८८८–१५ जुलै १९६७) यांचा जन्म पुणे येथे झाला. बालपणातील काही काळ ते जळगाव येथे नातलगांकडे होते व तेथे महेबूबखाँ यांच्याकडून त्यांना गायनाचे प्राथमिक शिक्षण मिळाले. लहान वयातील त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हणून गौरविले, अशी प्रसिद्धी आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने ते १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले व शकुंतलेच्या भूमिकेपासून त्यांच्या कारकीर्दीस प्रारंभ झाला. भास्करबुवा बखले यांची तालीम त्यांना लाभली. गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. ‘मानापमाना’तील भामिनी, ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी यांसारख्या भूमिकांनी त्यांची प्रतिमा लावण्य, विलास व शृंगार यांच्याशी एकरूप झाली होती. त्यांच्या वेशभूषेचे व केशरचनेचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करीत. अशा नटाने दारिद्र्याने व मारहाणीने खचलेल्या स्त्रीची भूमिका स्वीकारणे हे धाडसच होते.

‘एकच प्याला’ : राम गणेश गडकरी (२६ मे १८८५–२३ जानेवारी १९१९) यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व मंडळीने बडोदे येथे २० फेब्रुवारी १९१९ रोजी केला. त्यावेळी नाटककाराच्या मृत्यूस महिनाही पूर्ण झाला नव्हता. नाटकाचे गद्य गडकऱ्यांचे असले, तरी पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली आणि अनेक पदांच्या चाली पुण्याच्या प्रसिद्ध गायिका सुंदराबाई यांच्याकडून घेण्यात आल्या. गद्य एका लेखणीचे, पदे दुसरीची आणि चाली तिसरीकडच्या, अशा या रचनेत एकात्मता येणे सर्वस्वी नटांवर अवलंबून होते.

नाटकाचा नायक सुधाकर हा बुद्धिमान, तडफदार व मानी वकील. न्यायालयातील अपमानाच्या प्रसंगातून त्याची सनद काही काळासाठी रद्द होते व त्या मनःस्थितीत तळीराम त्याच्या हाती पहिला प्याला देतो. त्या एका प्याल्यापासून व्यवसाय, प्रतिष्ठा, मित्र व माणुसकी यांचा क्रमाने नाश होतो. तळीराम व त्याचे आर्यमदिरामंडळ यांच्या विनोदी प्रवेशांमुळे नाटकाची भीषणता क्षणभर झाकली जाते आणि नंतर अधिकच तीव्रतेने जाणवते. पत्नी सिंधू माहेरच्या संपन्नतेकडे पाठ फिरवून पतीच्या घरी राहते व दळणकांडण करून तान्ह्या मुलाला पोसते. अखेर दारूच्या भरात सुधाकराच्या हातून मुलाचा बळी जातो व सिंधूही प्राणांतिक जखमी होते. पतीला वाचविण्यासाठी ती मरताना फौजदारासमोर खोटी जबानी देते. पश्चात्तापाने दग्ध झालेला सुधाकर विष मिसळलेला प्याला घेऊन जीवन संपवितो.

बापाच्या हातून अपत्याचा नाश हे सूत्र ‘रिगोलेत्तो’त व ‘एकच प्याल्या’त समान आहे. व्हेर्दीचा विदूषक आपला अपराध गाऊन प्रकट करतो. गडकऱ्यांच्या सुधाकराच्या अधःपाताचे निर्णायक प्रवेश मात्र गद्यात आहेत. त्याची दीर्घ स्वगते, मद्याच्या गुलामीचे त्याने स्वतःच केलेले निर्दय विश्लेषण व अखेरचा पश्चात्ताप यांचा सर्व परिणाम बोललेल्या शब्दावर अवलंबून आहे. ही भूमिका गणपतराव बोडस (१८८०–१९६५) यांनी केली. ‘संशयकल्लोळा’तील फाल्गुनराव व ‘मानापमाना’तील लक्ष्मीधर यांसारख्या विनोदी भूमिकांसाठी ते ख्यातनाम होते. विनोदी नटाला आवश्यक असणारे बोलण्याच्या लयीचे भान त्यांनी सुधाकराच्या भूमिकेत शोकासाठी वापरले. शुद्धीवर असलेला सुधाकर, पहिल्या प्याल्यानंतरचा सुधाकर व सर्वस्व गमावलेला सुधाकर असे भिन्न टप्पे त्यांनी वाणीने व हालचालींनी रेखाटले. इटालियन संगीतिकेत बॅरिटोनकडे जाणारे कार्य मराठी रंगभूमीवर येथे गद्यनटाने पार पाडले, असे म्हणता येईल.

सिंधूची भूमिका : सुधाकराच्या गद्याला पूरक अशी बाजू सिंधूच्या पदांनी सांभाळली. आरंभीची सिंधू सुखवस्तू घरातील, लाडकी व समाधानी आहे. पहिल्या अंकातील पदांतून हा आनंद व्यक्त होतो. पुढे पदांचा रंग बदलत जाऊन ती हुरहूर, शंका, विनवणी व अखेर निश्चयी सहनशीलता यांच्याकडे वळतात. भरजरी शालूंसाठी प्रसिद्ध असलेले बालगंधर्व उत्तरार्धात फाटक्या लुगड्यात प्रेक्षकांसमोर येत. दळणाच्या व मुलाला भरविण्याच्या प्रसंगांत ख्यालाच्या विस्ताराऐवजी घरगुती गीतांचे साधे वळण योजिलेले आहे. शोकाच्या परमोच्च क्षणी रागविलासाऐवजी ओवीच्या जातीचा सूर आल्याने प्रेक्षकांना तो प्रसंग स्वतःच्या घरातलाच वाटे.

बालगंधर्वांच्या गायकीचे वैशिष्ट्य गद्यातून पदात जाण्याच्या सहजतेत होते. बोलण्याचा स्वर उंचावत पदाच्या पहिल्या शब्दात मिसळून जाई आणि पद संपल्यावर तोच भाव गद्यात पुढे चाले. शब्दोच्चार मृदू व स्पष्ट असून शब्दाचा अर्थ हरवेल अशी तान ते सहसा घेत नसत. व्हेर्दीने व्हारेसीकडे जी मागणी केली होती, तीच बालगंधर्वांनी वेगळ्या संगीतपद्धतीत आपल्या परीने पूर्ण केली. साथीलाही या गायकीत महत्त्व होते. अहमदजान थिरकवा यांचा तबला, कादरबक्ष यांची सारंगी आणि ऑर्गन यांच्या साथीने गंधर्व मंडळीचा वाद्यवृंद पुढे विशेष नावाजला गेला. पाश्चात्त्य संगीतिकेतील वाद्यवृंदाप्रमाणे तो स्वतंत्रपणे नाट्यभाष्य करीत नसे. गायकाच्या सुराला आधार देणे व त्याच्या विरामांत भाव टिकवून धरणे हे त्याचे कार्य होते.

मास्टर दीनानाथ : गोव्यातील मंगेशी येथे जन्मलेले दीनानाथ मंगेशकर (२९ डिसेंबर १९००–२४ एप्रिल १९४२) यांच्या गायकीची प्रकृती याहून सर्वस्वी वेगळी होती. उंच पट्टीचा धारदार आवाज, चपळ तान, अनपेक्षित स्वरसंगती व आवेश हे तिचे विशेष होत. किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनी १९१८ मध्ये बळवंत संगीत मंडळी स्थापन केली. गडकऱ्यांच्या ‘भावबंधन’ नाटकातील लतिका ही त्यांची गाजलेली भूमिका होय; त्यांची ज्येष्ठ कन्या लता मंगेशकर यांच्या नावाचा संबंध या पात्राशी जोडला जातो. दीनानाथांचा विवाह थाळनेर येथील लाड या गुजराती व्यापारी कुटुंबातील नर्मदा यांच्याशी व त्यांच्या निधनानंतर त्यांची बहीण शेवंती यांच्याशी झाला. तापीकाठचे थाळनेर हे खानदेशच्या फारुकी सुलतानांचे आरंभीचे राजधानीचे ठिकाण असून तेथे किल्ल्याचे अवशेष व फारुकींच्या कबरी आहेत. आजोळच्या या गावामुळे मंगेशकर भावंडांच्या संस्कारांत गोमंतकीय व शास्त्रोक्त गायनाबरोबर खानदेशी-गुजराती घरगुती गाण्यांचीही भर पडली.

विनायक दामोदर सावरकर यांच्या ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) या नाटकात दीनानाथांनी सुलोचनेची भूमिका केली. पदांना रामकृष्णबुवा वझे यांनी चाली दिल्या होत्या. बुद्धकालीन शाक्यांच्या कथेतून शस्त्रसंन्यास व आत्मसंरक्षण यांतील संघर्ष या नाटकात मांडलेला आहे. पतीच्या विरहाने व्याकूळ झालेली सुलोचना अखेर पुरुषवेषाने रणात उतरते. सिंधूचा शोक घरात कोंडलेला व स्वतःलाच जाळणारा आहे. सुलोचनेचा शोक कृतीकडे झेपावणारा आहे. स्त्रीवेषातील पुरुषनटाने त्याच भूमिकेत पुन्हा पुरुषवेष धारण करावा, या रचनेमुळे दीनानाथांच्या आवाजातील वीरवृत्तीला वाव मिळाला. त्यांनी ‘मानापमाना’तील धैर्यधरही गाइला होता. त्यांच्या गायनात पुरुषी शोकनायकाला साजेल असा आवेश होता. परंतु अशा आवाजासाठी लिहिलेली, संपूर्णतः गेय अशी पुरुषशोकनायकाची थोर भूमिका मराठी नाटककारांकडून त्यांच्या वाट्यास आली नाही.

आक्षेप व मूल्यमापन : शोकात्म नाटकातील पदांवर टीकाकारांनी घेतलेला प्रमुख आक्षेप ‘वन्स मोअर’च्या प्रथेसंबंधी आहे. प्रेक्षकांच्या आग्रहास्तव पद पुनःपुन्हा गाइले गेले की प्रसंगाची गती खंडित होते आणि दुःखी पात्राच्या जागी गायक उभा राहतो. पुढील काळात पदे लांबत गेली व प्रयोग पहाटेपर्यंत चालू लागले, तेव्हा हा दोष अधिक ठळक झाला. इटलीतही अशी प्रथा होती. मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात आर्तूरो तोस्कानीनी या संगीत दिग्दर्शकाने तिच्याविरुद्ध कठोर भूमिका घेतली. मराठी संगीत रंगभूमीवर गायकनट हाच बहुधा मंडळीचा मालक असे. प्रेक्षकांच्या मागणीला नकार देऊ शकेल असा दिग्दर्शक त्या व्यवस्थेत नव्हता.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. सिंधूची खोटी जबानी हा पातिव्रत्याचा परमोच्च आविष्कार म्हणून गौरविला गेला. पुढील पिढ्यांतील समीक्षकांना त्यात स्त्रीच्या असहायतेचे उदात्तीकरण दिसले. या उदात्तीकरणास गायनाने हातभार लावला, हे मान्य करावे लागते. सुधाकराचे गद्य प्रेक्षकांना विचार करावयास लावते, तर सिंधूची पदे त्यांना रडवितात. ज्या अन्यायाविषयी प्रश्न उपस्थित व्हावयाचा, तो सुरांच्या माधुर्याने सुसह्य होतो. रिगोलेत्तोच्या गायनात माधुर्याबरोबर क्रोध आहे. सिंधूच्या पदांत क्रोधाला जागाच ठेवलेली नाही. दुसऱ्या बाजूने असेही म्हणता येईल, की व्यसनाने उद्ध्वस्त झालेल्या असंख्य घरांतील अबोल दुःखाला या पदांनी प्रथमच सार्वजनिक वाचा दिली. नाट्यगृहात बसलेल्या पुरुषांना, पुरुषनटाच्याच मुखातून, आपल्या घरातील स्त्रीचा शोक ऐकावा लागला. ‘एकच प्याला’ हा मद्यपाननिषेधाचा समर्थ पुरस्कार ठरला, त्यात बोडसांच्या वाणीइतकाच बालगंधर्वांच्या सुराचाही वाटा होता.

उत्तरकाल : बोलपटांच्या आगमनानंतर संगीत नाटक मंडळ्यांना उतरती कळा लागली. बालगंधर्वांनी प्रभात फिल्म कंपनीच्या ‘धर्मात्मा’ (१९३५) या चित्रपटात एकनाथांची पुरुषभूमिका केली, तर दीनानाथांनी चित्रपटनिर्मितीकडे वळून मोठे आर्थिक नुकसान सोसले. त्याच सुमारास स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याची प्रथा रुजली. हिराबाई बडोदेकर, ज्योत्स्ना भोळे, जयमाला शिलेदार प्रभृती गायिका-अभिनेत्रींनी संगीत नाटकाची परंपरा पुढे चालविली. ध्वनिमुद्रिकांमुळे सिंधू व सुलोचना यांची पदे नाट्यप्रसंगापासून विलग होऊन मैफलीत रूढ झाली. ती ऐकणाऱ्या अनेकांना त्यांमागील कथा ठाऊक नसते. पदाच्या स्वतंत्र मैफलीमूल्याचा हा विजय असला, तरी त्यात शोकात्मिकेची हानीही आहे.

बालगंधर्वांना संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक (१९५५) व पद्मभूषण (१९६४) हे सन्मान लाभले. पुणे येथील बालगंधर्व रंगमंदिर २६ जून १९६८ रोजी सुरू झाले. जळगाव येथील खुल्या नाट्यगृहालाही त्यांचे नाव देण्यात आले असून त्यांच्या नावाने तेथे संगीत महोत्सव भरत आला आहे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाउस दीर्घ काळ बंद राहिल्यानंतर २०१६ मध्ये पुन्हा खुले झाले व तेथे पाश्चात्त्य संगीतिकेचे प्रयोगही झाले. अशा प्रयोगांमुळे शोकनायकाचा गेय पुरुषस्वर मराठी रसिकांना प्रत्यक्ष ऐकण्याची संधी मिळते. त्याच्या तुलनेत पाहिले असता, सुधाकराला गाणे न देण्याचा मराठी रंगभूमीचा निर्णय ही केवळ उणीव ठरत नाही. मद्याने ज्याच्या जीवनातील लय नाहीशी केली, त्या माणसाच्या वाट्याला रूक्ष गद्य आणि त्याच्या घरातील उरलेसुरले सौंदर्य जपणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला गाणे, या विभागणीला नाट्यदृष्ट्या अर्थ आहे. तिची किंमत मात्र सिंधूला मोजावी लागली. शोक गाण्याचा अधिकार तिला मिळाला. त्या शोकाच्या कारणाविरुद्ध उभे राहण्याचा स्वर तिला मिळाला नाही.